काळ्या मातीचे दोन रिपोर्ट: एकात २४ टन, दुसऱ्यात ९. धरायचा कुठला?

शिवारकाठ
राम राम मंडळी. बेळगावात येळ्ळूर रोडच्या अंगाला आमची वडिलोपार्जित जागा आहे. तळमजला आणि वर दोन असं घर बांधायचं ठरलंय. माती काळी. बळ्ळारी नाला फुगला की शेजारच्या भातात गुडघाभर पाणी उभं राहतं.

एप्रिलमध्ये एका लॅबकडून सॉईल टेस्ट करून घेतली. आमचे स्ट्रक्चरल इंजिनिअर रिपोर्ट बघून म्हणाले, आकडा जरा जास्तच गोड वाटतोय, दुसरीकडून करून घ्या. मग गणपती झाल्यावर दुसऱ्या लॅबला बोलावलं. आता दोन कागद समोर घेऊन बसलोय आणि डोकं चालेना.

पहिला रिपोर्ट, एप्रिलचा, दीड मीटर खोली: अनकन्फाइंड कॉम्प्रेशन टेस्ट. सी (मातीचा चिकटपणा) १.१ किलो प्रति चौरस सेंमी, फाय (कणांच्या घर्षणाचा कोन) शून्य. ओलावा १८ टक्के, ड्राय डेन्सिटी १.६२. एसबीसी, म्हणजे माती सुरक्षितपणे पेलेल तो भार, २४ टन प्रति चौरस मीटर.

दुसरा, सप्टेंबरचा, तीच खोली, पहिल्या बोअरपासून दहा-बारा फुटांवर: ट्रायअ‍ॅक्सियल यूयू (नमुन्याला सगळीकडून दाब देऊन, पाणी बाहेर न सोडता), सी ०.४०, फाय शून्य. शिवाय बॉक्स शिअर (पेटीत माती आडवी सरकवून मोडायची), सी ०.१२, फाय २१ अंश. ओलावा ३४ टक्के, ड्राय डेन्सिटी १.४१. एसबीसी ९ टन.

दोन्ही लॅबवाले म्हणतात आमचंच बरोबर. २४ धरला तर फुटिंग लहान, ९ धरला तर जवळजवळ सगळ्या प्लॉटभर काँक्रीट. खरं कोण?

सेंट्रिंगदादा
लॅब कशाला ओ एवढी? आमच्या आज्ज्यापासून शहापूर, वडगाव, अनगोळात घरं बांधतोय. काळी माती दिसली की मुरूम लागेपर्यंत खोदायचं, विषय संपला. भिजलेली काळी माती म्हणजे लोण्याचा गोळा, तिला सी आणि फाय काय लावता? मुरमावर सळई ठोकून बघायची, टणक वाजली की बेड टाकायचा. खरं एक सांगतो, खड्डा भरताना तीच काळी माती परत टाकू नका. मुरूम आणून पाणी मारून थरात दाबा. लोक इथंच पैसे वाचवतात, मग दोन वर्षांनी जमिनीची फरशी उचलते आणि आमच्या नावानं शिमगा.

निपाणीची_काळी
दादा, मुरूम सहा मीटरवर लागला तर? आमच्याकडं चिकोडी रोडला विहीर काढताना बघितलंय, काळी माती संपतच नाही. एवढ्या घरासाठी सहा मीटर खड्डा कोण काढणार?

सेंट्रिंगदादा
मग पाईल. आणि पाईलवाल्याला पण रिपोर्ट लागतोच म्हणा.

माती_मास्तर
शिवारकाठ, तुमचे दोन्ही रिपोर्ट चुकलेले नाहीत. दोघांनी वेगवेगळ्या अवस्थेतली माती तपासली. आधी एक छोटं गणित करू या, ते तुमच्याच कागदात आहे.

मातीच्या कणांची विशिष्ट घनता २.७ धरा. एप्रिलची ड्राय डेन्सिटी १.६२, म्हणजे पोकळी गुणोत्तर (पोकळी भागिले कणांची जागा) ०.६७. ओलावा १८ टक्के. यावरून सॅच्युरेशन, म्हणजे पोकळीचा पाण्याने भरलेला भाग, निघतं ७३ टक्के, म्हणजे पोकळीतली उरलेली सव्वीस-सत्तावीस टक्के जागा हवेची. सप्टेंबरचं गणित केलं तर सॅच्युरेशन बरोबर १०० टक्के येतं.

एप्रिलच्या मातीत कणांच्या मध्ये जे थोडं पाणी असतं ते ताणाखाली असतं आणि कणांना एकमेकांकडे ओढून धरतं. याला सक्शन म्हणतात. उन्हाळ्यात काळ्या ढेकळावर कुदळ आपटून परत उडते ती यामुळेच. तुमच्या १.१ मधला बराच मोठा भाग या सक्शनचा आहे. मृगाचा पाऊस पडला, नाल्याचं पाणी आत मुरलं, की तो भाग जातो. राहतं ते ०.४.

आता एसबीसी बघा. फाय शून्य असेल तेव्हा बेअरिंगचा गुणांक ५.१४, चौकोनी फुटिंगला आकाराचा १.३, सुरक्षा गुणांक ३. सी ११ टन प्रति चौरस मीटर धरलं तर ११ × ५.१४ × १.३ भागिले ३, म्हणजे साधारण साडेचोवीस. सी ४ टन धरलं तर जेमतेम ९. दोन्ही लॅबनी तेच सूत्र वापरलंय, आयएस ६४०३ या भारतीय मानकातलं. फरक फक्त आत घातलेल्या सी चा आहे. घर सप्टेंबरमध्येही उभं राहायचं असेल तर २४ विसरा.

अजून एक. अनकन्फाइंड टेस्ट ही पूर्ण भिजलेल्या, भेगा नसलेल्या चिकणमातीसाठी. नमुन्याला बाजूने आधार नसतो, नुसता वरून दाबायचा. जो दाब सहन झाला त्याचा निम्मा म्हणजे सी. फाय शून्य आहे हे तिथे आधीच गृहीत धरलेलं असतं. ७३ टक्के भिजलेल्या नमुन्याला ते गृहीतक लागू होत नाही. त्याच मातीवर यूयू केली असती तर सेलचा, म्हणजे नमुन्याभोवतीचा, दाब वाढवत नेला तशी ताकद वाढताना दिसली असती, कारण हवा दबते आणि कण जवळ येतात. म्हणजे पहिल्या रिपोर्टमधला शून्य फाय हा मोजलेला नाही, छापलेला आहे.

सहावं_सेमिस्टर
सर, मधेच विचारतो, व्हायव्हाला हेच विचारतात. यूयू मध्ये भिजलेल्या मातीचा फाय शून्य का येतो? माती तर तीच, कणांचं घर्षण कुठं गेलं?

माती_मास्तर
घर्षण कुठेही जात नाही. सेलमधला दाब वाढवला, पण नळी बंद आहे, पाण्याला बाहेर जाता येत नाही. वाढवलेला सगळा दाब पाणीच घेतं. कणांच्या मधला दाब जिथे होता तिथेच राहतो, आणि घर्षण त्यावर ठरतं. म्हणून ०.५, १ आणि १.५ किलोच्या सेल दाबाला तीन नमुने मोडले तरी मोहरची (मोडतानाचे दाब आलेखावर दाखवणारी) तिन्ही वर्तुळं सारख्याच व्यासाची येतात आणि त्यांना स्पर्श करणारी रेषा आडवी. तेर्झागीने १९२० च्या दशकात परिणामी दाबाचा विचार मांडला तो हाच. एकूण दाबातून पाण्याचा दाब वजा करा, उरेल तो मातीचा.

सूत्र त्याच्या फार आधीचं, कुलोंबचं: ताकद म्हणजे सी अधिक दाब गुणिले टॅन फाय. विद्युतभाराचं एकक ज्याच्या नावाचं तोच हा. फ्रेंच सैन्यात किल्ल्यांच्या भिंती बांधणारा इंजिनिअर होता, निबंध छापून आला १७७६ मध्ये. परीक्षक खूष होतो हे सांगितलं की.

प्रोव्हिंग_रिंग
मी एका लॅबमध्ये काम करते, कुठल्या ते विचारू नका. मास्तरांचं यूयू बद्दलचं म्हणणं पटलं. मला बॉक्स शिअरबद्दल शंका आहे. शिवारकाठ दादा, रिपोर्टच्या मागच्या पानांवर वाचनांचा तक्ता असेल. त्यात शिअरिंगचा वेग लिहिलाय का? "रेट" किंवा "मिमी प्रति मिनिट" असं काही?

हिशेबी
वेगाचं असू दे, मी दुसऱ्या लॅबच्या बॉक्स शिअरवरून गणित करून बघितलं. सी ०.१२, फाय २१, दीड मीटर रुंद फुटिंग, दीड मीटर खोल, पाणी वरपर्यंत धरून. फाय २१ ला बेअरिंगचे तीन गुणांक १५.८, ७.१ आणि ६.२. सगळं मिळून एसबीसी साडेबारा टन येते. मग लॅबने ९ का दिली? चिकणमातीतलं पाणी आज ना उद्या बाहेर जाणारच, दीर्घकाळाची ताकद धरायला काय हरकत? साडेबारा आणि ९ मध्ये फुटिंगच्या काँक्रीटचा चांगलाच फरक पडतो.

माती_मास्तर
हिशेबी, गणित बरोबर, निवड चुकीची. घर बांधताना चिकणमातीवर वजन चढत जातं. पाणी लगेच निघत नाही, त्याचा दाब वाढतो, आणि माती सर्वात अशक्त असते ती बांधकाम संपता संपता. नंतर पाणी निघून जातं तशी ती सुधारते. म्हणून इमारतीच्या पायाला न निचरलेली ताकद, म्हणजे यूयू, आधी बघायची. दोन्हींत जी कमी तीच धरायची. म्हणून ९.

उलट तुम्ही जमीन कापली, वजन काढून घेतलं, तर चित्र फिरतं. कापल्या कापल्या पाण्याचा दाब उतरतो, कड उभी राहते, सगळे खूष. मग माती हळूहळू पाणी ओढून घेते, फुगते, मऊ होते. तिथे दीर्घकाळाची, निचरलेली ताकद धोक्याची असते.

शिवारकाठ
ताई, बघितलं. बॉक्स शिअरच्या तक्त्यावर "१.२५ मिमी प्रति मिनिट" लिहिलंय. आणि वर "कन्सॉलिडेटेड ड्रेन्ड", म्हणजे आधी दाबून, पाणी निचरू देऊन, असं छापलंय.

प्रोव्हिंग_रिंग
वाटलंच होतं. मग हिशेबींचे साडेबारा टन गेले. मास्तर, तुमचीही तुलना गेली, कारण तो २१ चा फाय ड्रेन्ड नाहीच.

हे जरा सविस्तर सांगते, कारण आपल्या भागातल्या कितीतरी रिपोर्टमध्ये हेच बघायला मिळतं.

बॉक्स शिअरची पेटी ६० मिमी बाय ६० मिमी, नमुना साधारण २५ मिमी जाड. पेटी मधोमध आडवी कापलेली, वरची आणि खालची असे दोन भाग. नमुन्याच्या वर-खाली दातेरी जाळ्या आणि सच्छिद्र दगड. जाळीचे दाते सरकण्याच्या दिशेला आडवे बसवायचे असतात, नाहीतर नमुना नुसता घसरतो. वरून तरफेने वजन, ०.५, १, १.५ किलो असं. मग मोटरने पेटीचा एक भाग पुढे ढकलायचा आणि प्रोव्हिंग रिंगवर किती जोर लागला ते वाचत जायचं. ढकलण्याआधी दोन भागांना जोडणारे पिन काढायचे आणि वरचा भाग स्क्रूने केसभर उचलायचा. नवीन पोरं पिन तसाच ठेवतात, मग लोखंडाची ताकद मोजली जाते आणि आकडा बघून सगळे चाट पडतात.

ड्रेन्ड म्हणायचं असेल तर ढकलताना पाण्याला बाहेर पडायला वेळ मिळाला पाहिजे. किती वेळ? आधी वजन ठेवून नमुना दबू द्यायचा आणि निम्मं दबायला किती मिनिटं लागली ते बघायचं. त्याच्या पन्नास पट वेळ मोडायला द्यायचा, असा ठोकताळा आहे. काळ्या मातीत निम्मं दबायला वीस मिनिटं सहज लागतात. म्हणजे मोडायला हजार मिनिटं, सोळा-सतरा तास. मोडायला पाच मिमी सरकावं लागलं तर वेग झाला ०.००५ मिमी प्रति मिनिट. १.२५ मिमीच्या वेगाने तेच पाच मिमी चार मिनिटांत संपतात. चार मिनिटांत काळ्या मातीतून काय निचरणार? रेतीत चालतं. चिकणमातीत हा आकडा धड निचरलेला नाही, धड न निचरलेलाही नाही. आणि पेटीत पाण्याचा दाब मोजायची सोयच नसते, त्यामुळे नंतर दुरुस्तही करता येत नाही.

लॅबवाल्यांचीही बाजू आहे. एका नमुन्याला एक दिवस आणि एक रात्र, असे तीन नमुने, मशीन अडकलेलं, आणि गिऱ्हाईक विचारतं "उद्या रिपोर्ट मिळेल ना?" तरी "ड्रेन्ड" असं छापू नये एवढं तर करता येतं.

हिशेबी
ठीक आहे ताई, साडेबारा मागे घेतो. पण मग खरा निचरलेला फाय हवा असेल तर?

प्रोव्हिंग_रिंग
हळू बॉक्स शिअर, नाहीतर ट्रायअ‍ॅक्सियलमध्ये कन्सॉलिडेटेड अनड्रेन्ड (सीयू), पाण्याचा दाब मोजत. आयएस २७२० चा भाग १२. नमुना ३८ मिमी व्यासाचा, ७६ मिमी उंच, वर रबरी पडदा, दोन्ही टोकांना ओ-रिंग. आधी बॅक प्रेशर, म्हणजे आतून पाण्याचा दाब, देऊन नमुना पूर्ण भिजवायचा. भिजला की नाही ते बघायला सेलचा दाब थोडा वाढवायचा आणि आतल्या पाण्याचा दाब किती वाढला ते बघायचं. ०.९५ पट किंवा जास्त वाढला तरच पुढे जायचं. आतला दाब माहीत असल्यामुळे तो वजा करून निचरलेली ताकद काढता येते, आणि ड्रेन्ड टेस्टइतका वेळ लागत नाही. आमच्याकडे हे मागणारे फार थोडे. धरणाचं, कालव्याचं काम असलं की मागतात, घरवाल्यांना कोणी सांगत नाही.

खानापूरकर
माझा प्रश्न वेगळा आहे, खरं याच धाग्यात बसतोय. जांबोटीच्या अंगाला घराच्या मागं टेकडी कापून वीस फुटांची उभी कड केलीय. वर जांभा, घट्ट. खाली पांढरट-पिवळट मऊ माती, नखानं कोरता येते. जानेवारीत कापली तेव्हा भिंतीसारखी उभी. जुलैत खालची माती ओघळायला लागली आणि वरचे जांभ्याचे चिरे लोंबायला लागलेत. लॅबला दिली तर सी चांगला आलाय म्हणे.

माती_मास्तर
खानापूरकर, पहिली गोष्ट: या पावसाळ्यात त्या कडेखाली कोणाला झोपू देऊ नका, गोठा असेल तर जनावरंही हलवा. टेस्ट नंतर.

आता कारण. जांभ्याखाली बऱ्याच ठिकाणी असा मऊ थर असतो, खडक जागच्या जागी कुजून झालेली चिकणमाती. वरचा जांभा लोह आणि अ‍ॅल्युमिनियमच्या संयुगांनी घट्ट झालेला असतो, उघडा पडला की अजून घट्ट होतो, म्हणून तर त्याचे चिरे पाडतात. खालच्या थराला ते भाग्य नाही. कोरड्यात सक्शनच्या जोरावर उभा राहतो, पाणी पोचलं की सी गळून पडतो. तुमच्या लॅबने जानेवारीचा नमुना जसा आला तसा मोडला असेल तर तो आकडा तुमच्या कडेला लागू नाही.

मागायचं काय: नमुना भिजवून, पाण्याचा दाब मोजत सीयू. आणि सेलचे दाब कमी ठेवायला सांगा. वीस फुटांच्या कडेत मातीवर वरून येणारा दाब फार तर एक किलोच्या आसपास. चार किलोला टेस्ट केली तर मोहरची रेषा वेगळ्याच भागात बसते, आणि ती मागे ओढून डाव्या अक्षाला भिडवली की जो सी मिळतो तो अनेकदा कागदावरच असतो. कडेच्या गणितात तोच खोटा सी कड उभी करून दाखवतो.

अजून एक, जांभ्याच्या मातीला खास. तिचा प्लॅस्टिसिटीचा (किती ओलाव्यावर माती लवचीक राहते त्या टेस्टचा) नमुना ओव्हनमध्ये वाळवू नका म्हणावं. वाळवल्यावर बारीक कण एकमेकांना चिकटून गोळे होतात आणि ते पुन्हा सुटत नाहीत. चिकणमाती कागदावर रेताड होऊन बसते. सावलीत, हवेवर वाळवायची.

सेंट्रिंगदादा
खानापूरकर, आधी वरचं पाणी तोडा. कडेच्या माथ्यावर चर मारून पाणी बाजूला काढा. ते आजच होतं, लॅबला महिना जाईल.

माती_मास्तर
दादांचं शंभर टक्के बरोबर.

सहावं_सेमिस्टर
एक शंका. एसपीटीच्या (बोअरमध्ये हातोड्याने ठोकून करायच्या टेस्टच्या) स्पूनमधून, म्हणजे जाड नळीतून, आलेली माती ट्रायअ‍ॅक्सियलला का चालत नाही? आमच्या प्रोजेक्टला बोअरवाल्यानं तीच दिलीय, प्लॅस्टिकच्या पिशवीत.

प्रोव्हिंग_रिंग
पिशवीतली माती ओलावा आणि प्लॅस्टिसिटीला द्या, शिअरला नको. स्पूनचा बाहेरचा व्यास ५०.८ मिमी, आतला ३५. म्हणजे लोखंडाच्या कड्याचं क्षेत्रफळ आत शिरणाऱ्या मातीच्या क्षेत्रफळाहून जास्त, ११० टक्क्यांच्या आसपास. शिवाय साडेत्रेसष्ट किलोचा हातोडा पाऊण मीटरवरून आपटत तो खाली गेलेला. त्या मातीची मूळ रचना राहतच नाही. पातळ भिंतीची नळी लागते, हे प्रमाण दहा टक्क्यांच्या जवळ ठेवणारी, आणि ती ठोकायची नाही, सलग दाबायची. दोन्ही टोकांना मेण.

काळ्या मातीची आणखी एक गंमत. नळीतून काढलेला नमुना हाताने हळूच फोडून बघ. आत तिरकस, गुळगुळीत, चकाकणारे पृष्ठभाग दिसतात, कोणी पॉलिश केल्यासारखे. दरवर्षी फुगताना आणि आकसताना माती आतल्या आत सरकते, त्याचे हे ठसे. ३८ मिमीच्या नमुन्यात असा पृष्ठभाग आला नाही तर ताकद जास्त दिसते. आला तर नमुना त्यावरूनच तिरका सुटतो आणि आकडा एकदम खाली. तीन नमुन्यांत एक वेडावाकडा आला की पोरं तो टाकून देतात. टाकायचा नाही. मोडलेल्या नमुन्याचं चित्र काढून तक्त्यावर लिहायचं: फुगून बसला, की सरळ तडकला, की जुन्या पृष्ठभागावरून सुटला.

शिवारकाठ
बरंच कळलं. म्हणजे ९ टन धरून फुटिंग मोठं करायचं, एवढंच ना?

माती_मास्तर
एवढंच नाही. तुमच्या कागदातली मोठी बातमी अजून कोणी वाचलीच नाही. ड्राय डेन्सिटी एप्रिलमध्ये १.६२, सप्टेंबरमध्ये १.४१. भाग देऊन बघा, १.१५ येतो. म्हणजे तेवढ्याच मातीने पावसाळ्यात सुमारे १५ टक्के जास्त जागा घेतली, तीही दीड मीटर खोलीवर. दोन बोअर दहा-बारा फूट लांब आहेत, थोडा फरक त्याचाही असेल. पण दिशा स्पष्ट आहे.

अशा मातीत तुमचं घर खचून पडायच्या आधी वर उचललं जाऊन तडकेल. तळमजला आणि वर दोन असं घर हलकं, फुगण्याचा दाब कितीतरी वेळा फुटिंगच्या दाबापेक्षा जास्त असतो. तुम्ही ९ टनासाठी फुटिंग पसरवलं की खालचा दाब आणखी कमी झाला, म्हणजे मातीला उचलायला आणखी सोपं. शिअरचा प्रश्न सोडवता सोडवता फुगण्याचा वाढवून ठेवला असं होईल.

म्हणून लॅबकडून दोन टेस्ट मागा: फ्री स्वेल इंडेक्स, आयएस २७२० भाग ४०, आणि स्वेलिंग प्रेशर, भाग ४१. दुसरी उन्हाळ्यातल्या कोरड्या नमुन्यावर, कारण पुढे फुगायची ताकद त्यातच शिल्लक असते. इथे एप्रिलचा नमुना कामाचा.

निपाणीची_काळी
आमच्या पाहुण्यांच्या घराला अंडर-रीम पाईल केलेत. खाली फुगा असलेले. काळ्या मातीत तेच करतात म्हणे.

माती_मास्तर
हो, रुडकीच्या सीबीआरआय या इमारत संशोधन संस्थेने ते देशभर रुजवलं. फुग्याचा व्यास दांड्याच्या अडीचपट. साधारण साडेतीन मीटरच्या खाली, जिथे ओलावा ऋतूप्रमाणे फारसा बदलत नाही, तिथे तो फुगा अडकून बसतो. माती वर ढकलते तेव्हा तोच घर धरून ठेवतो. प्लिंथ बीमच्या खाली जमिनीपासून मोकळी जागा सोडायची, हे मात्र गवंडी विसरतात.

दुसरा मार्ग आपल्याच जिल्ह्याशी जोडलेला आहे. आयआयटी मुंबईच्या प्रा. कट्टींनी काळ्या मातीवर न फुगणाऱ्या पण सी असलेल्या मातीचा थर द्यायचा उपाय अभ्यासाने सिद्ध केला, सीएनएस थर म्हणतात. मलप्रभेच्या कालव्यांना काळ्या मातीत अस्तर टिकेना, तिथे तो वापरला गेला. नुसती वाळू टाकली तर हा परिणाम मिळत नाही, थराला स्वतःचा सी लागतो.

सेंट्रिंगदादा
हेच मी पहिल्यांदा बोललो की ओ! काळी काढा, मुरूम दाबा.

प्रोव्हिंग_रिंग
दादा, जवळजवळ तेच. पण मुरूम कुठला ते बघून. चिकटपणा अजिबात नसलेला खडीसारखा मुरूम टाकला तर त्यातून पाणी सरळ खालच्या काळ्या मातीला मिळतं. आणि मुरमाची शिअर करायची झाली तर ६० मिमीची पेटी चालत नाही, तिच्यात पावणेपाच मिमीपर्यंतचेच कण घेतात. मोठे खडे चाळून काढले तर दुसरीच माती तपासली जाते. ३०० मिमीची मोठी पेटी लागते, ती सगळ्यांकडे नसते.

सेंट्रिंगदादा
मी काकतीच्या बाजूचा तांबडा मुरूम घेतोय, मुठीत दाबला की गोळा होतो. चालंल?

प्रोव्हिंग_रिंग
मुठीत गोळा होतोय ही चांगली खूण. तरी पोतंभर आणून द्या, फ्री स्वेल आणि प्रॉक्टर (माती दाबून बघायची टेस्ट) करून बघू. किती पाण्यावर दाबायचा तेही त्यातूनच कळेल.

शिवारकाठ
स्ट्रक्चरल इंजिनिअरना हा धागा दाखवला. त्यांचं म्हणणं, अंडर-रीम पाईलचा हिशेब करू, पण खोलीवरच्या मातीचा सी हवा, दीड मीटरवरचा कामाचा नाही. दुसऱ्या लॅबकडे चार आणि पाच मीटरवरचे नमुने नाहीत. परत बोअर मारावं लागणार. ताई, लॅबला नेमकं काय लिहून देऊ, म्हणजे परत तेच कागद यायला नकोत?

प्रोव्हिंग_रिंग
असं लिहा: दीड, अडीच, चार आणि पाच मीटरवर पातळ भिंतीच्या नळीने अबाधित नमुने, टोकं मेणाने बंद, नळीवर वर-खाली खूण. चार आणि पाचवर यूयू, नमुना भिजवून, भाग ११ प्रमाणे. दीड आणि अडीचवर स्वेलिंग प्रेशर, ते मात्र मास्तर म्हणाले तसं उन्हाळ्यातल्या कोरड्या नमुन्यावर. प्रत्येक शिअर नमुन्याचा ओलावा आणि डेन्सिटी मोडण्याआधीची आणि नंतरची, दोन्ही. वाचनांचे तक्ते रिपोर्टला जोडून. बॉक्स शिअर घेणार असाल तर वेग लिहून मागा.

आणि बोअर चालू असताना स्वतः तिथे उभे राहा. पाणी कुठल्या खोलीवर लागलं ते तुमच्या वहीत लिहा, दुसऱ्या दिवशी सकाळी परत जाऊन मोजा. काळ्या मातीत पाणी बोअरमध्ये सावकाश चढतं. त्याच संध्याकाळी मोजलं तर भोक कोरडंच दिसतं.

खानापूरकर
चर मारला. वरचं पाणी बाजूला गेलं, खरं खालच्या पांढऱ्या मातीतून अजून पाझरतंय. मास्तर, तिथं नळ्या घालून पाणी काढता येईल का?

माती_मास्तर
येईल, पण त्याचा वेगळा धागा काढा आणि कडेचे फोटो टाका, समोरून आणि बाजूने. जांभा आणि मऊ थर जिथे भेटतात तिथे पाणी दिसतंय का ते आधी सांगा.